दगाचं येस

परवा माझ्या एम.ए.च्या वर्गातली एक मुलगी शिफारसपत्र मागायला स्टाफरूममध्ये आली. पुढे दिल्लीला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय घेऊन शिकायचं म्हणत होती. धुळ्यात देवपूरच्या आमच्या कॉलेजातून असं पत्र मागणारं चार-पाच वर्षांतून एखादंच कोणी निघतं, म्हणून मी ते जरा सढळ हातानेच लिहिलं आणि सही करून तिला दिलं. ती दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "येस सर."

मी तर काही विचारलेलं नव्हतं. चष्मा काढून म्हटलं, "हे येस इंग्रजीतलं की आपलं?"

ती लाजली. "आपलं, सर. घरची सवय शे."

अहिराणी न जाणणाऱ्यांसाठी सांगतो. 'शे' म्हणजे आहे. 'मी येतो' याला इकडे 'मी येस' म्हणतात आणि 'मी जातो' याला 'मी जास'. घरातून निघताना 'जास' म्हणायचं नसतं, 'येस' म्हणायचं असतं. इंग्रजीतल्या होकाराशी त्याचा काडीचाही संबंध नाही. एवढं साधं आहे. पण ती मुलगी गेल्यावर मी पुढचा तास घेतला नाही, डोकं दुखतंय असं कळवून बसून राहिलो. दगा आठवला की माझं असं होतं. तो आठवू नये म्हणून मी बरीच व्यवस्था करून ठेवली आहे, पण शब्दांचा बंदोबस्त करता येत नाही.

दगा सुपडू बोरसे हे नाव मी पहिल्यांदा दिल्लीतल्या वसतिगृहाच्या फळ्यावर वाचलं, माझ्याच नावाखाली. महाराष्ट्रातले दोघे म्हणून कारकुनाने आम्हाला एका खोलीत कोंबलं होतं. मी जळगावचा, पिंप्राळ्याचा, शहरातला म्हणवणारा. दगा नरडाण्याजवळच्या एका खेड्यातला. वडील रेल्वेत गँगमन होते, तो बारावीत असताना वारले. घरी एकटी आई. खोलीत शिरलो तेव्हा तो जमिनीवर बसून लोखंडी पेटीतून बिबडे काढत होता. ज्वारीचे ते जाड पापड दिल्लीपर्यंत एकही न मोडता आणले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवना का?" नाव, गाव, विषय हे सगळं नंतर.

माझ्या आईचं माहेर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. तिकडची बोली माझ्या तोंडी अधूनमधून यायची. ती भाषा नसून सर्दी आहे, असं दगाचं मत होतं. मी त्याच्या 'शे'ला हसायचो. परक्या मुलखात दोन खानदेशी माणसं एकमेकांची टिंगल करून जेवढी सुखी होतात तेवढे आम्ही पहिल्या आठवड्यातच झालो.

तो बुटका, रुंद, चालताना दोन्ही हात मागे बांधणारा. कुठल्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी पंख्याकडे बघायचा. वर्गात पंखा बंद असला तरी बघायचा. मुली घड्याळ लावून बसत, आज किती सेकंद म्हणून. उत्तर मात्र असं यायचं की त्यातला एक शब्द इकडचा तिकडे करता येऊ नये. लग्नाचं विचारलं तर इतका वेळ पंख्याकडे बघायचा की विचारणारा विषय बदलायचा. लग्न त्याने पुढेही केलं नाही.

आणि कुठूनही निघताना तो 'येस' म्हणायचा. खोलीतून, खानावळीतून, ग्रंथालयातून, अगदी न्हाव्याच्या खुर्चीवरून उठताना सुद्धा. लोकांना वाटे, कुणाला तरी हो म्हणतोय, आणि ते मागे वळून बघत.

या सवयीची गोष्ट त्याने मला सांगितली होती. पहिलीत असताना तो दप्तर घेऊन निघाला आणि "माय, जास वं" म्हणाला. आई चुलीपुढून उठून थेट रस्त्यात आली. हाताला धरून परत आणलं, उंबऱ्याच्या आत बसवलं. "जास नको म्हनू. बस. पानी पे. आते म्हन, येस." पाणी प्यायला लावलं, येस म्हणवून घेतलं आणि मगच सोडलं. शाळेला उशीर झाला म्हणून गुरुजींनी छडी मारली ती वेगळीच.

फोन ठेवणं म्हणजेही निघणंच, असा त्याचा हिशेब. वसतिगृहात एकच फोन होता, खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर. दर रविवारी सकाळी त्याची आई गावातल्या किराणा दुकानातून फोन करायची. शेजारी खुर्ची असली तरी दगा उभ्याने बोलायचा. शेवटी ठरलेलं: "हां माय. येस. येस, माय. येस." एकदा रांगेतल्या लखनौच्या एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारलं, "इसकी माँ अंग्रेज़ी बोलती है क्या?" मी गंभीर चेहऱ्याने हो म्हणालो. दोन महिने अख्ख्या वसतिगृहात दगाची आई कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होती. मला वाटलं, कळल्यावर हा चिडेल. त्याने पंख्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. चांगला गैरसमज दुरुस्त करायची घाई करू नये."

हे वाक्य त्याने नंतर आयुष्यभर वापरलं. मीही एकदा वापरलं.

त्याच्या शर्टाच्या खिशात एक छोटी वही असायची. डाव्या पानावर अहिराणी शब्द, उजवीकडे आमच्या अभ्यासक्रमातली संज्ञा. 'रुसनं' याच्यासमोर 'राजदूताला सल्लामसलतीसाठी परत बोलावणे'. 'बांध कोरनं' याच्यासमोर 'सीमारेषेचा एकतर्फी बदल'. जाडजूड ग्रंथ वाचून आमच्या डोक्यात जे शिरत नसे ते या वहीच्या एका ओळीत शिरायचं. वाटाघाटी शिकवणाऱ्या बाई फार कडक होत्या. करारात होकाराचा शब्द सगळ्यात शेवटी लिहायचा, तोवर जपायचा, असं त्या एकदा म्हणाल्या. दगाने हात वर केला. म्हणाला, "बाई, आमच्याकडे पण येस निघताना, सगळ्यात शेवटी म्हणतात." बाईंना काही कळलं नाही. मी बाकाखाली तोंड घालून हसलो.

परराष्ट्र सेवेच्या मुलाखतीत त्याला नावावरून छेडलं. 'दगा' म्हणजे विश्वासघात, हे नाव घेऊन तुम्ही देशाचे प्रतिनिधी होणार का, असं एका सदस्याने हसत विचारलं. तिथे पंखा नव्हता, वातानुकूलित खोली. दगा म्हणे छताकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "सर, माझ्या आईची आधीची दोन मुलं जगली नाहीत. आमच्याकडे मग पुढच्याचं नाव दगडावरून ठेवतात. दगड कोणी उचलून नेत नाही." तो निवडला गेला. मी नाही निवडला गेलो, मी धुळ्याला प्राध्यापक झालो. त्याचं मला वाईट वाटलं का, तर वाटलं, दोनेक वर्षं. नंतर दगाच्या गमती सांगून वर्ग हसवणारा मास्तर म्हणून मी बरा रमलो.

सुटीवर आला की आधी गाव, मग देवपूरला माझ्याकडे एक मुक्काम. एकदा त्याच्या गावातल्या एका लग्नात आम्ही दोघे होतो. नवऱ्याच्या आत्याच्या यजमानांना टावेल-टोपी द्यायची राहून गेली. म्हातारा उठून थेट मोटारसायकलवर जाऊन बसला. बरोबर त्यांच्याकडचे वीस जण उठले. नवरी मांडवात, अक्षता हातात, आणि वरपक्ष अर्धा रिकामा. सगळे दगाकडे बघायला लागले, कारण हा मोठा साहेब. दगा मोटारसायकलपाशी गेला आणि म्हाताऱ्याशी टावेल-टोपीबद्दल चकार शब्द बोलला नाही. म्हणाला, "नाना, बठ्ठासनं झायं. आते फक्त एक ऱ्हायनं, सर्वात मोठं. ते मांडवना मधोमध, माईकवर नाव पुकारीसन देवानं शे, म्हनीसन थांबाडेल शे." सगळ्यांचं झालं, पण सगळ्यात मोठा मान माईकवर नाव पुकारून द्यायचा म्हणून मागे ठेवलाय, असं. नानांनी त्याच्याकडे पाहिलं. खोटं आहे हे त्यांना कळत होतं आणि ते किती उपयोगाचं आहे हेही. ते उतरले. माईकवर नाव पुकारलं गेलं. परत येताना मी म्हटलं, तू साफ खोटं बोललास. तो म्हणाला, "खोटं कसं? मी बोललो तेव्हा नव्हतं, दहा मिनिटांनी खरं झालं ना." शब्द आधी द्यायचा आणि मग जिवाच्या कराराने तो खरा करायचा, हीच त्याची नोकरी होती आणि हाच स्वभाव.

पण मोठमोठ्या परिषदा, झेंडे, मेजवान्या यांत तो रमला नाही. त्याने पुन्हा पुन्हा मागून घेतलं ते वकिलातीतलं सगळ्यात कोरडं काम: हरवलेले पासपोर्ट, तुरुंगातले मजूर, आणि परदेशात मेलेल्या माणसांना घरी पाठवणं. वाळवंटातल्या त्या देशात, नाव लिहीत नाही, आपली लाखभर माणसं इमारती बांधायला गेलेली. कोणी परांचीवरून पडून मरायचं, कोणी उन्हाने. दगा प्रत्येकाच्या घरी स्वतः फोन करायचा, आणि विमानतळाच्या मालधक्क्यावर प्रत्येक शवपेटीपाशी स्वतः उभा राहायचा. हाताखालच्या माणसाला पाठवलं तर चालत नाही का, मी विचारलं होतं.

तो म्हणाला, "भो, तो घरून निघताना येतो म्हणून निघालेला असतो. त्याच्या मायने ऐकलेलं असतं. त्याचा शब्द मला पुरा करावा लागतो."

त्याच्या आईला मी अक्का म्हणायचो. धुळ्याहून नरडाणा काही लांब नाही. महिन्यातून एकदा तरी मी चक्कर टाकायचो. ठेंगणी, काटक, डोक्यावरचा पदर कधी न ढळू देणारी बाई. दगाने तिचा पासपोर्ट काढून दिला होता. त्यातल्या फोटोत ती इतकी रागावलेली दिसते की कुठल्याही देशाने तिला मुकाट्याने आत घेतलं असतं. पण ती कुठे गेली नाही. दर सुटीला तो आग्रह करायचा. एकदा माझ्यासमोर ती म्हणाली, "मी तठे उनू तं मंग तू आठे कोनाकडे येशी?" दगा पंख्याकडे बघत राहिला. ती तिकडे आली, तर इकडे त्याला यायला कोण उरणार होतं?

शेवटच्या वर्षी अक्काचं हृदय थकलं. पायांवर सूज, चार पावलांत धाप. मी तिला देवपूरच्या दवाखान्यात आणलं, बरोबर शेजारची सुमन. तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, मुलाला बोलवून घ्या, फार दिवस धरू नका. मी दगाला कळवलं. त्याने त्याच दिवशी रजा टाकली, तिकीट काढलं. सोमवारी निघणार होता.

रविवारी तिथे लढाई पेटली.

विमानतळ बंद झाला. आपली माणसं बसने शेजारच्या देशात काढायची आणि तिथून विमानाने आणायची, असं ठरलं. त्या हद्दीवरच्या पहारेकऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारा वकिलातीत एकच अधिकारी होता, दगा. पहिल्या बसने जायची मुभा त्याला होती, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. तो थांबला.

अक्काला मी लढाईचं सांगितलं नाही. केव्हा येतो, एवढा तिचा एकच प्रश्न असायचा, "कवय येस तो?" डॉक्टरांना, सुमनला, सलाईन बदलणाऱ्या नर्सला, सगळ्यांना तोच. तिला दुसरं काही नको होतं. औषध नको, जेवण नको. दगा येतो की नाही, एवढंच.

गुरुवारी दुपारी मी डबा घेऊन तिच्याजवळ बसलो होतो आणि फोन वाजला. अनोळखी परदेशी नंबर. मी स्पीकर लावून फोन तिच्या उशीवर ठेवला. मागे प्रचंड गलका होता. इंजिनं, माणसं, कोणीतरी लहान पोर रडत होतं.

"माय, कशी शे तू?"

"बरी शे रे भाऊ. तू कवय येस?"

पुढचं सगळं मला शब्दन् शब्द आठवतं. दगा "माय, ऐक..." म्हणाला आणि तेवढ्यात त्याच्या बाजूने कोणीतरी इंग्रजीत ओरडून विचारलं, या बसमध्ये आणखी चाळीस जण कोंबायचे का, उभे राहून का होईना. आणि दगा घाईने म्हणाला, "येस. येस, येस!"

फोन तुटला.

उभ्या आयुष्यात पंख्याकडे न बघता दिलेलं त्याचं हे एकच उत्तर असावं.

अक्काने माझ्याकडे पाहिलं. असा चेहरा मी तिचा कधी पाहिला नव्हता, लहान मुलीसारखा झाला होता. "येस म्हने," ती म्हणाली. "तीनदा म्हने. भाऊ, तू बी ऐकं ना?"

मी ऐकलं होतं. ते इंग्रजी मलाही येत होतं, त्याच विद्यापीठात शिकलो होतो मी. एवढंच म्हणायचं होतं, की अक्का, ते तुला नव्हतं. मी म्हणालो, "हो अक्का. येस म्हणाला."

मग तिने दवाखान्यात राहायला नकार दिला. "तो आठे दवाखानाम थोडाच येस? तो घर येस." डॉक्टरांनी समजावलं, सुमन रडली, मी रागावलोसुद्धा. तिने हातातली सुई स्वतः काढायला घेतली तेव्हा आम्ही हरलो. संध्याकाळच्या आत तिला गावी नेलं.

त्यानंतर ती नऊ दिवस जगली. डॉक्टर म्हणाले होते तीन-चार. खाट दारासमोर टाकायला लावली. दाराला कडी घालू दिली नाही. दादर ज्वारीचं ताजं पीठ दळून आणवलं, बिबडे तळून डब्यात भरवले, सुमनकडून त्याचं अंथरूण उन्हात घालून घेतलं. येईल त्याला सांगायची, "दगा येस म्हने." कॉलेज संपलं की मी रोज मोटारसायकलने जायचो. तिची धाप वाढत होती आणि चेहरा शांत होत होता.

पाचव्या दिवशी मला दिल्लीच्या कार्यालयातून एक निरोप आला. दगाने वायरलेसवरून कळवलेला, कोणीतरी माझ्या मोबाइलवर टाकलेला. "शेवटची बस निघाल्याशिवाय मला निघता येणार नाही. किती दिवस, सांगता येत नाही. मायला नीट समजावून सांग." मी तो निरोप तिच्या खाटेपाशी बसून वाचला. ती म्हणाली, "दगानं शे का?" मी म्हणालो, नाही अक्का, कॉलेजचं आहे.

का केलं मी असं? भित्रेपणाने, हे खरं उत्तर. पण त्या वेळी मला त्याचंच वाक्य आठवलं होतं, आणि ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

नवव्या दिवशी दुपारी ती गेली. तोंड दाराकडे होतं.

दगा त्यानंतर चौथ्या दिवशी पोचला. शेवटची बस काढून, दोन देश ओलांडून. दाढी वाढलेली, अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा तरी. घराच्या ओट्यावर आम्ही दोघेच बसलो होतो. सुमनने डब्यातले बिबडे आणून समोर ठेवले, तुझ्यासाठीच तळून घेतले होते म्हणाली आणि आत गेली. त्याने एक उचलला, हातात धरून ठेवला.

"तू मायला सांगितलं होतंस ना? माझा निरोप?"

मी नाही म्हणालो. मग सगळं सांगितलं. गुरुवारची दुपार, चाळीस माणसं, तीनदा येस, उन्हात घातलेलं अंथरूण, नऊ दिवस. आणि, देव मला क्षमा करो, त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं. "चांगला गैरसमज होता दगा. दुरुस्त करायची घाई केली नाही."

त्याने वर पाहिलं. ओट्यावर पंखा नव्हता, पत्रा होता. खूप वेळ तो त्या पत्र्याकडे बघत राहिला.

"मी ते इंग्रजीम म्हनं भो," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"इंग्रजीम म्हनं," तो पुन्हा म्हणाला, जणू मी कुणी वरिष्ठ आहे आणि खुलासा मागतो आहे.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "ती चाळीस माणसं पोचली?"

"पोचली. बठ्ठी पोचली." मग म्हणाला, "तू सांगितलं असतं तर ती रडली असती. मला शिव्या दिल्या असत्या. मी ते घेतलं असतं. पण मी येस म्हटलं असं धरून ती गेली. नऊ दिवस मी रोज खोटा पडत होतो, आणि तिला एक दिवसही तसं वाटलं नाही."

तो माझ्यावर चिडला नाही. चिडला असता तर आज मी त्याला फोन करू शकलो असतो. त्या दिवसापासून त्याने मला दोष दिला नाही आणि माफही केलं नाही. दिवाळीला निरोप येतो, "ठीक आहे. तू?" मी लिहितो, "ठीक." तो आता दुसऱ्याच खंडात आहे. ऐकतो की अजून प्रत्येक पेटीपाशी तो स्वतः उभा राहतो. त्याच्याबरोबर काम केलेला एक जण मला सांगत होता, बोरसे साहेब फार चांगले, पण एक विचित्र आहे, इंग्रजी बोलताना होकाराचा तो साधा शब्द कधी वापरत नाहीत. मान हलवतात, नाहीतर दुसरं काही म्हणतात.

त्याला शेवटचं पाहिलं ते नरडाणा स्टेशनवर. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पॅसेंजरने तो सुरतकडे निघाला. घराला कुलूप लावून किल्ली सुमनकडे दिली होती. अक्काचा पासपोर्ट शर्टाच्या खिशात ठेवलेला, पूर्वी वही असायची तिथे. वडील गँगमन असताना राहायचे ती खोली त्याने मला दाखवली. गाडी आली. तो चढला, दारात उभा राहिला, दोन्ही हात मागे.

मी वाट पाहत होतो. वीस वर्षं ऐकलेला शब्द, आता येईलच.

"चल भो," दगा म्हणाला. "जास."

आपण काय म्हणालो हे त्याला माहीत होतं. माझ्याकडे बघूनच म्हणाला तो. अक्का असती तर डब्यात चढून हाताला धरून त्याला खाली उतरवलं असतं, बाकावर बसवलं असतं, पाणी पाजलं असतं आणि म्हणायला लावलं असतं. तिच्यामागे हे करणारं आता कोण होतं? मीच होतो. मला सगळा विधी पाठ होता.

मी हात हलवला. नरडाण्याला गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढा वेळ पुरला असता. पाण्याची बाटली माझ्या हातातच होती.